छातीत ऊब आली म्हणून गोष्ट खरी?

अमेरिकेतल्या युटा राज्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी मॉर्मन लोक, म्हणजे तिथे एकोणिसाव्या शतकात निघालेल्या एका ख्रिस्ती पंथाचे अनुयायी, दोन वेळचं जेवण सोडून उपास धरतात आणि चर्चमध्ये जमतात. त्या दिवशी ठरलेलं प्रवचन नसतं, ज्याला वाटेल तो उठून माईकपाशी जातो आणि साक्ष देतो. कोणी सांगतं गाडीची किल्ली हरवली होती, गुडघे टेकून प्रार्थना केली आणि उठल्याबरोबर सापडली, कोणी आजारी मुलाचं सांगतं, सांगता सांगता गळा दाटून येतो, बाकांवर टिश्यू बाहेर निघतात, आणि शेवटी जवळजवळ सगळे म्हणतात, हे चर्च खरं आहे हे मला माहीत आहे. आई कानात कुजबुजेल तसं लहान पोरंसुद्धा हेच बोलतात.

मनात जाणवलं म्हणजे ते खरं, या समजुतीचं मूळ जुनं आहे. एप्रिल 1829 मध्ये पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने त्याचा लेखनिक ऑलिव्हर काउडरी याच्यासाठी एक साक्षात्कार सांगितला. आधी स्वतः विचार कर, मग देवाला विचार, बरोबर असेल तर तुझ्या छातीत धग जाणवेल. आजही मिशनरी नव्या माणसाला हेच सांगतात, मॉर्मनचं पुस्तक, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचा, प्रार्थना करा, काय जाणवतं बघा.

आणि जाणवतं, हे आधी मान्य करायला हवं. 2016 साली युटा विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास छापून आला, त्यात मिशन, म्हणजे धर्मप्रचाराचं काम, करून आलेल्या 19 तरुण मॉर्मनांना एमआरआय मशीनमध्ये झोपवून धार्मिक व्हिडिओ आणि वचनं दाखवली होती, पवित्र आत्म्याची, म्हणजे देव जवळ असल्याची, जाणीव झाली की बटण दाबायचं. स्कॅन संपेपर्यंत बरेच जण रडत होते, शांत वाटलं, ऊब वाटली म्हणाले. प्रेमात किंवा आवडत्या गाण्यात मेंदूचा जो भाग जागा होतो तोच इथे जागा झाला. म्हणजे ही माणसं ढोंग करत नाहीत, त्यांना हसणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. पण ऐकलेली गोष्ट घडली होती का, ते त्या उबेवरून कसं कळणार?

मॉर्मनांची एक लाडकी चमत्काराची गोष्ट घ्या. 1848 च्या उन्हाळ्यात युटातल्या सॉल्ट लेक खोऱ्यात त्यांच्या पिकांवर किड्यांची धाड आली आणि सीगल पक्ष्यांनी ते किडे खाल्ले. पक्षी आले हे नक्की, तेव्हाच्या पत्रात तशी नोंद आहे. पण ते तिथलेच, किडे खाऊन न पचलेला भाग ओकून टाकणं ही त्यांची रोजची सवय, आणि त्या वर्षीच्या कित्येक डायऱ्यांमध्ये त्यांचा उल्लेखही नाही. चमत्कार म्हणून गोष्ट मोठी होत गेली ती नंतर. 1913 मध्ये सॉल्ट लेक सिटीत त्या पक्ष्यांचं स्मारकही उभं राहिलं.

ही गोष्ट निदान घडलेल्या प्रसंगावर उभी होती. पॉल डन यांचं प्रकरण जास्त अवघड आहे. 1964 पासून चर्चच्या वरच्या नेत्यांपैकी एक, तरुणांचे लाडके वक्ते, त्यांची पुस्तकं आणि कॅसेट घरोघर. दुसऱ्या महायुद्धात जपानमधल्या ओकिनावा बेटावरच्या लढाईत जिवलग मित्राने आपल्या मांडीवर प्राण सोडला, हे ते सांगायचे तेव्हा हॉलमध्ये हुंदके ऐकू यायचे. फेब्रुवारी 1991 मध्ये अॅरिझोना रिपब्लिक या पेपरने छापलं की तो मित्र जिवंत आहे. डन ओकिनावाला लढले होते हे खरं, पण सेंट लुईस कार्डिनल्स या व्यावसायिक संघाकडून बेसबॉल खेळल्याचं सांगायचे तेही खोटं निघालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चर्चच्या साप्ताहिकात त्यांचं माफीपत्र आलं.

आता त्या हॉलमधल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराचा विचार करा. ती गोष्ट ऐकताना त्याच्या छातीत ऊब आली, हाच तो आत्मा असं त्याला घरच्यांनी शिकवलेलं, आणि त्या जोरावर तो मिशनला गेला. गोष्ट खोटी होती तरी ऊब आली, मग मॉर्मनचं पुस्तक वाचताना आलेल्या उबेचं काय? बऱ्याच जणांनी डन यांची बाजू घेतली, गोष्टींनी आमचं भलंच केलं म्हणाले, आणि त्यांचं दुखणं मला समजतं, कारण इथे एका वक्त्यावरचा विश्वास सोडून भागत नाही, ज्या कसोटीवर आयुष्यभराचे निर्णय घेतले तीच हातातून जाते. आणि ज्याला प्रार्थना करूनही काहीच जाणवत नाही त्याला सहसा एकच सल्ला मिळतो, मन साफ ठेव आणि परत प्रार्थना कर. उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं, हे त्याला कोणी सांगत नाही.