खांबावरचा आकडा

(दृश्य : सिटी आयलंडचा धक्का. सकाळ.)

न्यूयॉर्क. ब्रॉन्क्स भागातल्या या धक्क्यावरून फेरीबोट निघते. समोर दिसतंय ते हार्ट आयलंड. 131 एकरांचं बेट. कधीकाळी इथे तुरुंग होता, इस्पितळ होतं, निराधारांना कामाला जुंपणारं वर्कहाउसही होतं. आणि 1869 पासून, शहरातले बेवारस मृतदेह आणि ज्यांच्या घरच्यांना अंत्यविधीचा खर्च झेपत नाही असे मृतदेह इथेच पुरले जातात. आजवर दहा लाखांहून जास्त.

थडगी मात्र शोधू नका. नुसतं गवत, आणि मधूनमधून एखादा पांढरा खांब.

(दृश्य : खांब, अगदी जवळून.)

त्यावरचा आकडा कुणा एका माणसाचा नव्हे, चराचा आहे. शेताच्या बांधाला हद्दीचा दगड असतो ना, तसा. एका चरात मोठ्या माणसांच्या साधारण 150 पेट्या, एकावर एक, तीन थरांत. तान्ह्या बाळांच्या चरात हजारापर्यंत. पेट्या पाइनच्या साध्या फळ्यांच्या. माणसाचं नाव असतं ते त्या पेटीवर. म्हणजे नाव जातं मातीत, वर उरतो आकडा.

पुढेमागे कुणी नातेवाईक आलाच, तर खांबावरून चर आणि नोंदीवरून पेटी सापडते. व्यवस्था चोख होती. पण 1977 मध्ये आग लागली आणि पुष्कळ नोंदी जळाल्या. खांब तेवढे उभे राहिले.

हे चर कैद्यांनी भरले. पिढ्यान्‌पिढ्या, 2020 पर्यंत. 1948 मध्ये त्यांनीच इथे तीस फुटी स्मारक उभारलं, त्यावर एकच शब्द : ‘शांती’. नातेवाइकांना प्रत्यक्ष दफनाच्या जागेपर्यंत जाऊ द्यायला मात्र 2015 उजाडावं लागलं, आणि तेही कोर्टकचेरी झाल्यावर.

(दृश्य : बेटाचं दक्षिण टोक. वारा.)

1985. एड्सने गेलेल्यांचे पहिले काही देह इथे आणले, बाकीच्यांपासून लांब. प्रत्येकाला वेगळा, खोल खड्डा. कारण एकच, मातीतूनही रोग पसरेल ही धास्ती. ती फोल ठरल्यावर पुढचे देह नेहमीच्या चरांत गेले.

त्या पहिल्यांमध्ये एक बाळ होतं. त्याला स्वतःची खूण मिळाली. सिमेंटची, छोटीशी. तिच्यावर कोरलंय : ‘एससी-बी1, 1985’. स्पेशल चाइल्ड, बेबी वन.

नाव तिच्यावरही नाही.