जीभ, ओठ आणि रबरी प्लंजर

1940 च्या दशकात जॅझचा ट्रॉम्बोनवादक जे. जे. जॉन्सन याच्या तबकड्या ऐकून अनेकांना वाटायचं, हा कळांचा ट्रॉम्बोन असणार. सरकत्या नळीवर इतकं जलद आणि इतकं सुटं वाजेलच कसं? पण त्याच्या हातात असायचा तो साधा स्लाइड ट्रॉम्बोन.

दोन्ही पितळी फुंकवाद्यं, पण ट्रम्पेटला कळा असतात. ट्रॉम्बोनला लांब सरकती नळी. तिच्यावर सात जागा, एकीचीही खूण नाही, सगळी भिस्त कानावर. मींड इथे आपसूक निघते. कठीण असतं ते दोन स्वर एकमेकांत न मिसळता उमटवणं, तेही तान सुचता सुचता. आणि चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी यांचा बीबॉप हा जलद जॅझ तर अशाच सुट्या, धावत्या स्वरांचा. जॉन्सनने जिभेचा आघात नेमका केला, स्वरातला कंप जवळजवळ काढून टाकला, नळी कमीत कमी हलेल अशा जागा निवडल्या. वेगाचं कौतुक सगळेच करतात. मला मोठी वाटते ती त्याची बढत. चार स्वरांचा एक तुकडा तो उचलतो, फिरवून पाहतो, वाढवत नेतो. मधेच काहीतरी चमकदार घालायचा मोह त्याला होत नाही.

टेक्सासचा जॅक टीगार्डन त्याच्या आधीच्या पिढीतला. लहानपणी हात लांबच्या जागांपर्यंत पोचत नसत, म्हणून जवळच्या जागांवरच ओठांनी स्वर काढायची सवय लागली, ती कायमची. वरच्या पट्टीत एकाच जागी बरेच स्वर सापडतात, त्याचं वादन तिथेच रमतं. तो गायकही होता. ब्लूज, म्हणजे काळ्या अमेरिकनांची दर्दभरी गाणी, वाजवतानाही तो गातो तसाच येतो, सैल, तालाच्या किंचित मागून.

आणि ट्रिकी सॅम नॅन्टन! 1926 पासून जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात. वाद्याच्या कर्ण्यात आवाज दाबणारा लहानसा म्यूट, त्यावर तुंबलेलं बेसिन मोकळं करायचा रबरी प्लंजर. त्याची उघडझाप करत तो मोजक्याच स्वरांत विनवतो, कुरकुरतो, रडतो. शब्द कळत नाहीत, पण कोणीतरी बोलतंय याची खात्री पटते. जॉन्सनच्या स्वच्छ स्वरांवर माझं प्रेम आहे, तरी काळजाला हात घालतो तो नॅन्टनच.

1946 मध्ये नॅन्टन गेला. ती बोली एलिंग्टनने बंद पडू दिली नाही. आधी टायरी ग्लेन, मग क्वेंटिन जॅक्सन यांनी प्लंजर हाती घेतला.