शाळेची सक्ती कुणावर?

नमस्कार श्रोतेहो.

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करते. सहा ते चौदा वर्षांचं एखादं मूल शाळेत जात नसेल, तर कायद्याच्या दृष्टीनं जबाबदार कोण? बहुतेकांच्या तोंडी पटकन एकच उत्तर येतं: त्याचे आईबाप. शंभर वर्षांपूर्वी हे उत्तर बरोबर होतं. आज ते बरोबर नाही. तरीही हंगामाला बाहेरगावी आलेल्या मजूर आईला आपण अजून हेच ऐकवतो, आणि तीही मान खाली घालून ऐकून घेते. म्हणून आपल्या देशाच्या शिक्षणव्यवस्थेमागचा कायदा कसा घडला आणि त्यानं जबाबदारी कुणाच्या खांद्यावर ठेवली, हे आज सांगणार आहे.

याची एक वाट आपल्या नाशिक जिल्ह्यातून निघते. मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावी १८६३ साली गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. शेतकऱ्याच्या घरचं पोर. १८७५ साली तो बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि महाराज सयाजीराव गायकवाड झाला. याच सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ साली ते साऱ्या बडोदा संस्थानाला लागू केलं. पुढे १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनीही तोच मार्ग धरला. दोन्हीकडे मूल शाळेत पाठवलं नाही तर दंड पालकाला होता. त्या काळात ते योग्यच होतं असं मला वाटतं. शाळा उघडणं हे आपलं काम आहे हे राजानं आधीच मान्य केलं होतं. शाळा उघडून दिल्यावर तो पालकाला विचारत होता की आता मूल का येत नाही.

ब्रिटिश मुलखात मात्र सरकार हे मान्यच करत नव्हतं. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे, म्हणजे शिक्षणाची पाहणी करायला सरकारनं नेमलेल्या आयोगापुढे, निवेदन दिलं आणि प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा अशी मागणी केली. शेतकऱ्याच्या घामाचा शेतसारा सरकारी तिजोरीत जातो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, ही त्यांची तक्रार होती. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, मार्च १९११ मध्ये, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदे मंडळात विधेयक मांडलं. मागणी अगदी बेताची होती. जिथं बरीच मुलं आधीच शाळेत जात आहेत, तिथल्या नगरपालिकांनी आणि लोकल बोर्डांनी हवं तर सक्ती लागू करावी, एवढंच. तरी पुढच्या वर्षी ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं.

स्वातंत्र्य आलं, राज्यघटना लिहायला घेतली. इथं जे घडलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा थांबून सांगते. घटनेच्या मसुद्यातल्या एका कलमात प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे, अशा आशयाचे शब्द होते. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यावर चर्चा झाली आणि ते शब्द गाळायची सूचना डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी स्वीकारली. कारण हे कलम मार्गदर्शक तत्त्वांमधलं होतं, आणि त्या तत्त्वांसाठी कोर्टात दाद मागता येत नाही. तिथं हक्काची भाषा बसत नव्हती. पण वयाच्या मुद्द्यावर बाबासाहेब जागचे हलले नाहीत. काही सदस्य म्हणत होते, की मोफत शिक्षण प्राथमिक वर्गांपुरतंच ठेवा. बाबासाहेबांनी दुसऱ्या एका कलमाकडे बोट दाखवलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत कामाला लावायचं नाही, असं आपण त्यात म्हणतो आहोत. मग त्या मुलानं त्या वयापर्यंत शाळेतच असलं पाहिजे. आज आपण ज्या चौदा वर्षांबद्दल बोलतो, त्यामागे हे उत्तर आहे. बालमजुरीची बंदी आणि शाळा या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींना बांधून ठेवल्या.

ते कलम घटनेत ४५ क्रमांकाचं झालं. त्यात दहा वर्षांची मुदत होती, म्हणजे १९६० पर्यंत देशातलं चौदा वर्षांपर्यंतचं प्रत्येक मूल मोफत शिकायला हवं होतं. १९६० आलं आणि गेलं. जाब विचारायला कोर्टाचं दार उघडं नव्हतं.

मधल्या काळात १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं शिक्षण हा विषय राज्य सूचीतून समवर्ती सूचीत आणला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येऊ लागला. देशभरासाठी एकच शिक्षण हक्क कायदा पुढे शक्य झाला तो या बदलामुळे.

दार उघडलं सर्वोच्च न्यायालयानं. १९९२ साली मोहिनी जैन विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात खासगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या भरमसाट फीचा प्रश्न होता. न्यायालयानं म्हटलं, की जगण्याच्या हक्कात शिक्षणाचा हक्क येतो. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात पाच न्यायमूर्तींनी त्याला नेमका आकार दिला. चौदा वर्षांपर्यंत तो पुरता हक्क, त्यापुढे सरकारच्या आर्थिक ताकदीप्रमाणे. कॅपिटेशन फीवरून, म्हणजे प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या जादा फीवरून, सुरू झालेला वाद असा पहिलीतल्या पोराच्या हक्कापर्यंत येऊन पोचला.

संसदेला तरीही वेळ लागला. डिसेंबर २००२ मध्ये शहाऐंशीवी घटनादुरुस्ती झाली आणि २१ क हे नवं कलम आलं: सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण राज्य देईल. म्हणजे आता मूलभूत हक्क. पण ते कलम अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडला, कारण त्याला जोडून करायचा शिक्षण हक्क कायदाच २००९ मध्ये झाला. सव्वासात वर्षं! २००२ साली सहा वर्षांचं असलेलं मूल तोवर तेरा-चौदाचं होऊन या हक्काच्या वयातून बाहेर पडायच्या बेताला आलं होतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. या कायद्याच्या आठव्या आणि नवव्या कलमात सक्तीचा अर्थ लिहिला आहे, आणि ती सक्ती सरकारवर आणि स्थानिक प्राधिकरणावर आहे. स्थानिक प्राधिकरण म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषद, महानगरपालिका, नगरपालिका. मुलाला प्रवेश देणं, ते रोज शाळेत येतं का हे पाहणं आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पुरं होईल याची खात्री करणं हे त्यांचं कायदेशीर काम. पालकानं मूल शाळेत घालावं असं कायदा म्हणतो, पण त्यासाठी पालकाला दंड किंवा शिक्षा ठेवलेली नाही. सयाजीरावांच्या काळी दंड पालकाला होता, आता जाब व्यवस्थेला द्यायचा आहे.

नवव्या कलमात आणखी एक ओळ आहे, ती नाशिककरांनी लक्षात ठेवावी. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं, हेही स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे. द्राक्षाचा हंगाम लागला की सुरगाणा, पेठकडची कुटुंबं निफाड, दिंडोरीच्या बागांवर येतात. कुणी वीटभट्टीवर जातं, कुणी शहरात बांधकामावर. सोबत मुलं असतात. शाळेच्या दारात पहिला प्रश्न येतो: दाखला कुठं आहे? कायदा सांगतो, की शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही अडवता येत नाही. वर्ष अर्धं सरलं असेल तरी प्रवेश द्यावाच लागतो. आणि मूल कधीच शाळेत गेलं नसेल, तर दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवायचं नाही. त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचं आणि मागचं भरून काढायला वेगळं शिकवायचं.

शाळा जवळ असणं हासुद्धा हक्क आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पुरेशी मुलं असतील तिथं पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत हवी. ऑक्टोबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं वस्तीवरची शाळा बंद झाली म्हणून शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर आली होती, ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ ही त्यांची घोषणा. शाळा लांब गेली की डोंगरातल्या मुलीची शाळा आधी सुटते आणि तिच्या हाती गुरं येतात. कमी पटाच्या शाळा बंद करण्याचा विचार जेव्हा जेव्हा होतो, तेव्हा या मुलांचा मोर्चा डोळ्यापुढे ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांबद्दलही सांगते, कारण दरवर्षी अनेक पालक त्या सोडतीची वाट पाहतात. दुर्बल आणि वंचित घरातल्या मुलांसाठी पहिल्या वर्गातल्या या जागा राखीव असतात. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं ही तरतूद वैध ठरवली. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा मात्र तिच्याबाहेर आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला, की सरकारी किंवा अनुदानित शाळा १ किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या जागा ठेवायची गरज नाही. पालक उच्च न्यायालयात गेले. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. संसदेनं कायद्यात दिलेला हक्क सरकार नियमाच्या वाटेनं काढून घेऊ शकत नाही, हे त्या निकालानं स्पष्ट झालं.

कायदा अपुरा आहे, हेही सांगायला हवं. सहा वर्षांखालचं अंगणवाडीतलं मूल आणि चौदा ओलांडून नववीत गेलेली मुलगी, दोघंही या हक्काबाहेर आहेत. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते अठरा वर्षांबद्दल बोलतं. पण धोरण म्हणजे सरकारचा मनोदय. त्याच्या आधारानं कोर्टात उभं राहता येत नाही. आठवीनंतर शाळा सुटलेल्या मुलीसाठी आज तुमच्या हातात कलम नाही. वय वाढवायची दुरुस्ती व्हायला हवी आणि ती आपल्या आमदार-खासदारांकडे मागायला हवी.

आता शेवटी कामाचं बोलते. तुमच्या ओळखीच्या मुलाला प्रवेश नाकारला, मारहाण झाली, प्रवेशासाठी देणगी मागितली, तर या कायद्याच्या ३२ व्या कलमाखाली कुणीही लेखी तक्रार करू शकतं. नातेवाईकच असायला हवं असं नाही. शेजारी, शिक्षक, बागमालक, कुणीही. तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे द्यायची. ग्रामीण भागात गटशिक्षणाधिकाऱ्यांचं कार्यालय पंचायत समितीत असतं. शहरात महानगरपालिकेचा शिक्षण विभाग. तीन महिन्यांत निर्णय द्यायचं बंधन आहे. निर्णय पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. अर्ज साध्या कागदावर चालतो. मुलाचं नाव, वय, शाळेचं नाव, काय घडलं आणि कोणत्या तारखेला, एवढं लिहा. दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. तीन महिने मोजायचे ते त्या तारखेपासून.

नमस्कार.