पदाआधीचे वाक्य

रसिकहो, संगीत नाटकाच्या वेड्यांना एकत्र बसवले की तासाभरात एक प्रश्न निघतोच: आयुष्यात एकच भूमिका करायला मिळणार असेल तर कोणती मागाल? उत्तरेही साधारण ठरलेली असतात. रुक्मिणी, भामिनी, सिंधू, सुभद्रा, रेवती. पुरुषांत धैर्यधर, अर्जुन, अश्विनशेठ आणि 1967 नंतरच्या पिढीत 'कट्यार काळजात घुसली'मधले खाँसाहेब. का, म्हणून विचारले की पदांची, म्हणजे नाटकातल्या गाण्यांची, यादी सुरू होते. अमुक भूमिकेत इतकी पदे, त्यातली इतकी हमखास वन्समोअरची!

पदांच्या संख्येवरून भूमिकेची प्रत ठरवणे मला मान्य नाही. गाणारा नट आणि नाटकात आलेला गवई यांतला फरक कळतो तो पद सुरू होण्याआधीच्या एका वाक्यात आणि पद संपल्यावरच्या पहिल्या वाक्यात. आजचे बोलणे याच सांध्याबद्दल आहे.

आधी तांत्रिक बाजू बघू. ऑर्गनवादक रंगमंचापुढे एका बाजूला बसतो, शेजारी तबला. ऑर्गनला हवा पायांनी भरायची असते, म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात आणि सूर न तुटता भरून राहतो. हातपेटीत एक हात भात्यावर अडकतो. नाटकवाल्यांनी ऑर्गन उचलला त्याला हे साधे कारण आहे. आता प्रसंग चालू आहे, नायिका चिडून बोलते आहे. चिडलेल्या माणसाचा आवाज वर सरकतो. तिचे शेवटचे वाक्य जर तिच्या षड्जापासून, म्हणजे 'सा'पासून, अर्ध्या सुराने भलतीकडे संपले आणि तिथेच ऑर्गनने सूर दिला, तर पहिले अक्षर चाचपडत येणार. प्रेक्षकाला स्वरज्ञान नसले तरी काहीतरी खटकले हे त्याला कळतेच. उपाय असा: शेवटच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द मुद्दाम षड्जावर किंवा पंचमावर ('प'वर) आणून टेकवायचे. राग असो, रडू असो, तेवढे शब्द सुरात. आणि वादकाने सूर वाक्य संपल्यावर द्यायचा नाही, त्याच शब्दांखाली हळूच सरकवायचा. हे नुसत्या पदाच्या तालमीत बसत नाही. मागची चार वाक्ये घेऊन पदाच्या पहिल्या ओळीपर्यंत जायचे, थांबायचे, पुन्हा मागे यायचे, अशी वेगळी तालीम लागते. हौशी संस्थांत पदे एका संध्याकाळी, गद्य दुसऱ्या संध्याकाळी आणि दोन्हींची भेट थेट रंगीत तालमीला. मग सांधा उघडा पडतो.

पद बसवण्याचा क्रमही सांगून ठेवतो. प्रथम अन्वय लावा, म्हणजे पदातले शब्द सरळ वाक्याच्या क्रमाने जुळवा. जुन्या पदांत क्रियापद कुठल्या कुठे असते, कर्ता तिसऱ्या ओळीत सापडतो. अन्वय लागला नाही तर श्वास चुकीच्या शब्दावर तुटतो आणि अर्थाचे दोन तुकडे होतात. मग तेच शब्द गद्यासारखे मोठ्याने बोला, समोरच्या पात्राला उद्देशून. त्यानंतर तालात, पण एकही आलाप न घेता, सरळ चालीत. हालचाली इथेच बसवायच्या. आलाप, हरकती, ताना सगळ्यात शेवटी, आणि त्याही जिथे स्वर दीर्घ आहे तिथे. जोडाक्षरावर तान घेतली की शब्द चिरडतो. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका या कानाने ऐका. हरकत केवढीशी असते आणि शब्दाला धक्का लावत नाही.

आता भूमिकांकडे वळू. 'स्वयंवर'मधली रुक्मिणी. नाटक 10 डिसेंबर 1916 चे, खाडिलकरांचे, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. 'मम आत्मा गमला' बिहाग रागात, 'स्वकुलतारकसुता' भीमपलासात, 'सुजन कसा मन चोरी' भूपात, 'नाथ हा माझा' यमनात. मैफलीत गायिकेला राग उभा करायला दहा मिनिटे मिळतात. इथे भीमपलासाचे वातावरण विरले नाही तोवर पुढचा राग तीन-चार अक्षरांत उभा करायचा असतो. भूपाचा धोका तर खासच. सा रे ग प ध, एवढेच पाच स्वर. गंधारावरचा ('ग'वरचा) भार सुटून धैवतावर ('ध'वर) गेला की तो देशकार राग होतो. तोच देशकार 'सौभद्र'मधल्या 'प्रिये पहा'चा प्राण आहे. म्हणजे एकीकडे रुक्मिणीने गंधार धरायचा आणि दुसऱ्या नाटकात तिच्याच कृष्णाने धैवत. दोन्ही नाटके करणाऱ्या संस्थांतल्या मंडळींनी ही दोन पदे लागोपाठ गाऊन पाहावीत. रुक्मिणीचा दुसरा धोका तिच्या पदांच्या कीर्तीतच आहे. इतकी सुंदर पदे हाताशी असली की भूमिका बाजूला राहते आणि शालू नेसलेली मैफल सुरू होते.

भामिनी मला रुक्मिणीपेक्षा अवघड वाटते. 'मानापमान' 12 मार्च 1911 ला मुंबईत आले, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. श्रीमंतीच्या तोऱ्यात सेनापती धैर्यधराचा अपमान करणारी भामिनी पुढे वनमाला होऊन त्याच्यासमोर येते. बाई एक, वागणे दोन. बहुतेक जणी हा फरक वेशभूषेवर सोडतात: दागिने उतरवले, साडी साधी नेसली, झाली वनमाला. खरे तर फरक आवाजात हवा. भामिनीच्या पदांत शब्द फेकून टाकायचे, ओळीचा शेवट तोडायचा. वनमालेच्या पदांत तोच शेवट लांबवायचा. 'नाही मी बोलत' हे पद म्हणजे लाडिक रुसवा. त्यात तानेचा पाऊस पाडला तर रुसवा वाहून जातो आणि उरतो रियाज.

धैर्यधराची गंमत वेगळी. ही भूमिका ज्याने त्याने आपल्या गळ्याच्या मापाने बेतून घेतली. दीनानाथ मंगेशकरांनी काही पदांच्या चाली बदलल्या आणि आज अनेकांच्या कानात त्याच 'मूळ' म्हणून बसल्या आहेत. म्हणून हे नाटक बसवताना पहिला निर्णय असा घ्यायचा: कुठली चाल? टेंब्यांची की दीनानाथांची? अर्धी पदे या वळणाची, अर्धी त्या वळणाची घेतली तर एकाच सेनापतीचे दोन स्वभाव दिसतात. दीनानाथांची पेचदार, झपाट्याची गायकी नक्कल करून येत नाही. गळा तसा नसेल तर सरळ टेंब्यांकडे जावे, त्यात कमीपणा नाही. 8 जुलै 1921 च्या संयुक्त 'मानापमाना'त केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या या प्रयोगाबद्दल बोलताना दोन गळ्यांच्या चढाओढीचीच चर्चा होते. दोन वेगळ्या नाटक मंडळ्यांत मुरलेल्या नटांनी एकमेकांच्या वाक्याखाली सूर कसा धरला असेल, याची चर्चा जास्त व्हायला हवी होती.

इथे स्वराच्या पट्टीचा प्रश्न येतो आणि तो टाळता येत नाही. नायक-नायिका दोघेही पुरुष होते तोवर दोघांच्या षड्जांत फार अंतर नसे. स्त्रिया रंगभूमीवर आल्या आणि गणित बदलले. समजा, 'सौभद्र'मधला अर्जुन काळी एकमध्ये गातो, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्याचा षड्ज. सुभद्रा काळी चारमध्ये गात असेल तर तिचा षड्ज त्याच्या पंचमावर येतो. काळी तीनमध्ये गात असेल तर मध्यमावर. दोन्ही सोयीचे आहेत, कान बदल लगेच स्वीकारतो. पण तिची पट्टी पांढरी चार असेल तर तिचा षड्ज त्याच्या शुद्ध गंधारावर पडतो. त्याच्या पदात कोमल गंधार असेल तर हा नवा षड्ज उपरा वाटणार. अशा वेळी तिने अर्धी पट्टी वर जाऊन काळी तीन घ्यावी. ते जमत नसेल तर दोन पदांमध्ये निदान तीन-चार वाक्यांचे गद्य ठेवावे आणि तेवढा वेळ ऑर्गन पूर्ण गप्प ठेवावा. वाटणी करताना 'आवाज छान आहे' एवढेच बघणाऱ्यांना हा हिशेब प्रयोगाच्या आठवड्यात आठवतो.

सिंधूकडे येऊ. 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग 20 फेब्रुवारी 1919 ला बडोद्याला झाला. नाटककार गडकरी त्याआधी महिनाभर, 23 जानेवारीला गेले होते. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची. गद्य एका हातचे आणि पद्य दुसऱ्या हातचे, त्यामुळे इथे सांधा लेखनातच आहे. गडकऱ्यांचे वाक्य भरजरी, गुर्जरांचे पद त्यामानाने साधे. सिंधूचे काम करणारीने गद्याचा जरीपणा थोडा उतरवून बोलावे म्हणजे 'कशी या त्यजू पदाला' वेगळ्या नाटकातून आल्यासारखे वाटत नाही. रडून गाऊ नये, हेही सांगतो. हुंदक्याने घसा आवळतो, सूर उतरतो आणि पुढच्या पदापर्यंत तो परत येत नाही. सिंधू गाताना कोरडी राहिली तरच प्रेक्षक रडतो.

आणि याच नाटकात सुधाकर. एकही पद नाही! तरी गणपतराव बोडसांपासून ही भूमिका मागणाऱ्यांची रांग आहे. चांगल्या गद्यनटालाही यात एक सापळा आहे. आजूबाजूला सगळे गाणारे असल्यामुळे आणि गडकऱ्यांची वाक्ये अनुप्रासाने डोलणारी असल्यामुळे त्याचे बोलणे नकळत हेल काढू लागते. सुधाकराने लय मोडत राहायला हवे. शिवाय दारूचा चढ एकसारखा दाखवायचा नाही. पहिल्या प्याल्याच्या वेळी हात स्थिर आणि आवाज अस्थिर, पुढे हात थरथरता आणि बोलणे भयंकर स्पष्ट, असे उलटसुलट केले तर ऱ्हास दिसतो. पहिल्या अंकापासून झोकांड्या खाणाऱ्याला शेवटच्या अंकात करायला काही उरत नाही.

न गाणारी दुसरी मोठी भूमिका 'संशयकल्लोळ'मधला फाल्गुनराव. देवलांचे हे नाटक घड्याळासारखे चालते आणि त्याची किल्ली एका तसबिरीत आहे. रेवतीकडून पडलेली अश्विनशेठची तसबीर फाल्गुनरावाच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या हाती लागते आणि फाल्गुनरावाला संशयाचे कोलीत मिळते. नेपथ्यवाल्यांनी ही तसबीर तळहातापेक्षा थोडी मोठी करावी. शेवटच्या रांगेला दिसली पाहिजे आणि पदराआड लपलीही पाहिजे. काच मात्र लावू नये. दिवा पडला की ती चमकते आणि नको तेव्हा लोक तिकडे बघतात. अश्विनशेठच्या 'मृगनयना' या पदाचा दरबारी राग विलंबून गायचा मोह होतो. पण तो ज्या प्रहसनात आहे त्याची गती मोडली तर परतलेल्या फाल्गुनरावाला पुन्हा पहिल्यापासून हशा जमवावा लागतो. पद साडेतीन-चार मिनिटांत आटोपावे, असे माझे मत आहे. दर्दी गाणाऱ्यांना ते पटत नाही.

'कट्यार काळजात घुसली' 24 डिसेंबर 1967 ला रंगभूमीवर आले. अभिषेकीबुवांचे संगीत, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. या नाटकात सांध्याचा प्रश्न लेखनानेच सोडवला आहे, कारण पात्रेच गवई आहेत. त्यांना गायला निमित्त लागत नाही. मात्र अडचण दुसरीकडून येते. 'घेई छंद' दोन वेगळ्या चालींत येते, पंडितजींचे निराळे, खाँसाहेबांचे निराळे. दोन गायक्यांतला फरक प्रेक्षकाला गळ्यातून कळला पाहिजे. एकाच गुरूकडे शिकलेले दोन गायक या भूमिकांत घेतले तर नाटकाचा कणाच वाकतो, मग ते कितीही सुरेल असोत.

वन्समोअरबद्दल थोडेसे. पूर्वी प्रयोग रात्रभर चालत, आता तीन तासांत बसवावे लागतात. तिसऱ्या अंकातल्या मोठ्या पदासाठी गळा राखायचा असेल तर पहिल्या अंकात वन्समोअर देताना पूर्ण पद न घेता अंतऱ्यापासून घ्यावे. कुठून उचलायचे हे तबलजीशी आधीच ठरलेले हवे, नाहीतर सम चुकते. टाळ्या चालू असताना पुढचे वाक्य सुरू करू नये, आणि टाळ्या पूर्ण थांबेपर्यंतही थांबू नये. त्या उतरू लागल्या की बोलायचे. ते वाक्य मंद्रात, खालच्या सुरात, गेले तर प्रसंग खाली बसतो. म्हणून ते वाक्य उठवून घ्यावे लागते.

कॉलर माईक आल्यापासून आवाजाची फेक गेली अशी तक्रार असते. माझी तक्रार अधिक किरकोळ आहे. मंगळसूत्र, तन्मणी, हार हे सगळे त्या माईकवर घासतात आणि आलापात खरखर ऐकू येते. माईक छातीवर न लावता केसांच्या रेषेशी, कानाजवळ लपवावा. नऊवारी नेसवणाऱ्या बाईंनाही सांगावे की कंबरेशी निऱ्या खोचताना गायिकेला पोटभर श्वास घ्यायला लावा आणि मगच आवळा. श्वास सोडलेला असताना आवळली की लांब ओळ पुरत नाही आणि दोष गळ्यावर येतो.

हौशी मंडळींपैकी कुणी पहिल्यांदाच गाती भूमिका करणार असेल तर 'सौभद्र'मधला नारद घ्यावा. 'राधाधर मधु मिलिंद' गातच प्रवेश आहे, म्हणजे पदाआधीचे वाक्यच नाही, सूर विंगेतच धरून आत यायचे. पद संपल्यावरचे पहिले वाक्य तेवढे सांभाळायचे. ते जमले की मग अर्जुनाकडे बघावे. चिपळ्या मात्र तालमीच्या पहिल्या दिवसापासून हातात असू द्याव्यात, कारण त्या वाजवता वाजवता गाणे आयत्या वेळी येत नाही.