नाव शोधू नका, गाव शोधा

नमस्कार श्रोतेहो. पुण्यात अशी कितीतरी घरं आहेत, जिथे एवढंच ठाऊक असतं की आमचे आजोबा किंवा पणजोबा पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याला लढाईवर गेले होते. कुठल्या पलटणीतून, किती वर्षं, ते सांगणारं कुणी उरलेलं नाही. पानिपतावर कोण कुठे पडलं हे आपल्याला तोंडपाठ असतं. 1916 साली घरचा माणूस कुठे होता, ते मात्र माहीत नसतं. मला याचं फार वाईट वाटतं.

जुन्या वर्तमानपत्रांत हा माग लागू शकतो. पहिल्या महायुद्धासाठी दर मंगळवारचा 'केसरी' आणि रोज निघणारा 'ज्ञानप्रकाश' पाहा. दुसऱ्यासाठी 1932 साली सुरू झालेला 'सकाळ'ही आहे. फक्त एक लक्षात ठेवा : नाव शोधू नका, गाव शोधा.

कसब्यातल्या आमच्या एका काकूंचं सांगतो. त्यांचे आजोबा बसऱ्याहून जिवंत परतले, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले आणि पुन्हा कधी गावी गेले नाहीत. गाव पुरंदर तालुक्यातलं, एका दिवसात जाऊन येण्यासारखं. तरी जत्रेला नाही, लग्नकार्याला नाही, सख्ख्या भावाच्या दहाव्यालाही नाही. का, ते घरात कुणी विचारलं नाही.

काकू ग्रंथालयात बसून लढाईच्या बातम्यांत आजोबांचं नाव शोधत होत्या. तिथे साध्या शिपायाचं नाव कुठून यायला? शेवटी तिथले ग्रंथपाल म्हणाले, "काकू, नाव सोडा. गावाचं नाव धरा, आणि पहिलं पान सोडून मागची पानं बघा."

आणि 1919 सालच्या एका अंकात, औषधांच्या जाहिरातींच्या शेजारी, गावाचं नाव दिसलं. जाहीर नोटीस होती. देणारे काकूंचे आजोबाच! मी लढाईवर मेलो असं समजून भावाने आमची सामाईक जमीन गहाण टाकली आहे. मी तुर्कांच्या कैदेतून सुटून आलो आहे, हयात आहे, तरी त्या जमिनीचा व्यवहार कुणी करू नये, असा मजकूर. काकू ते वाचून तिथेच रडल्या.

मग त्या गावी गेल्या, भावाच्या नातवाकडे. त्यांनी चहा ठेवला, नोटिशीची प्रत दोनदा वाचली आणि देवघरातून एक पितळी डबी आणली. आत आजोबांचं लढाईचं पदक! सरकारने ते गावच्या पत्त्यावर पाठवलं होतं, आणि ज्या भावाशी बोलणं तुटलं, त्याच्याच घराने ते जपलं होतं. पहिल्या महायुद्धातल्या या पदकांच्या कडेवर नंबर, नाव, पलटण कोरलेली असते. आजोबा निघाले 110व्या मराठा पलटणीचे. ही पलटण पुणे डिव्हिजनमधली. हो, आपल्या पुण्याच्याच नावाची फौज 1915च्या डिसेंबरापासून इराकातल्या कूट गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकली आणि उपासमारीने टेकीला येऊन 29 एप्रिल 1916 रोजी शरण गेली.

म्हणून पुन्हा सांगतो, नाव नाही, गाव. जाहीर नोटिसा बघा, तालुक्याच्या बातमीदारांची पत्रं बघा. 'दीनमित्र'सारखी सत्यशोधकी पत्रंही बघा. शेतकऱ्यांच्या घरातली माणसं तिथे जास्त भेटतील. अंकावर नुसता शके असेल तर त्यात 78 मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत 79. आणि घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे आजच पेन्सिलीने नावं लिहून ठेवा, हे मी जाता-येता सगळ्यांना सांगतो.

नंबर आणि पलटण हाती आली, की बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला पत्र टाकता येतं. माणूस लढाईत मारला गेला असेल, तर राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. तिथे शिपायाच्या नावापुढे पुष्कळदा बापाचं नाव असतं, आणि गावाचंही.