फाट्यापासून आत

मंडळी, आत्ता माझी ओळख निवृत्त शिक्षक अशी करून दिली. आज बोलणार आहे तो मात्र शिक्षक नव्हे, प्रगणक. 2011च्या फेब्रुवारीत मी रत्नागिरी जिल्ह्याच्या संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावात जनगणनेला फिरलो. गाव एक, वाड्या नऊ, आणि माणसं सगळी मिळून नऊशेच्या आतबाहेर. घाटावरच्या पाहुण्याला गाव म्हटलं की पार, देऊळ आणि भोवती घरं दिसतात. आमच्याकडे एका वाडीतून दुसरीत जायचं तर पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडावा लागतो. त्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, असला तर नशीब.

वरच्या वाडीत अकरा घरं. पाच घरांना कुलपं, त्यातल्या दोन कुलपांवर गंज. ओटीवर एक आजी आमसुलं निवडत बसलेल्या. म्हणाल्या, "गुरुजी, आता कोण गावणार? गणपतीत या मोजायला." मी हसलो आणि पुढचं घर गाठलं. खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. चाकरमानी फेब्रुवारीत मुंबईत असतो, म्हणजे तो मुंबईत मोजला जातो. गाव सगळ्यात रिकामं असतं तेव्हाच आपण त्याची डोकी मोजतो.

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 साली 16,96,777 होती, 2011 साली 16,15,069 झाली. देशाची वाढत होती, आपली घटली. हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया. हा आकडा काहीजण अभिमानाने सांगतात. अहो, बाप्ये मुंबईला गेलेत, एवढाच त्याचा अर्थ!

आता या आकड्यावर काय काय ठरतं ते बघा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झाली. तिचा हिशेब महसुली गावाचा नाही, वस्तीचा. इथवर धोरण शहाणं आहे. पण सपाटीवरच्या वस्तीला 500 लोकसंख्येची अट, आणि डोंगरी राज्यं, अनुसूचित आदिवासी क्षेत्र, वाळवंटी भाग यांना 250ची. सह्याद्री कितीही उंच असला तरी महाराष्ट्र काही डोंगरी राज्यांच्या यादीत नाही. शेजारच्या वस्त्या जोडून आकडा भरता येतो, पण त्या अर्ध्या किलोमीटरच्या आत हव्यात. आमच्या वाड्यांमध्ये तेवढ्या अंतरात नुसती दरी असते. 2024 साली योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला, तोही 2011च्याच लोकसंख्येवर.

बसचं गणित याहून सरळ. फेरी चालते भारमानावर, म्हणजे गाडी किती भरते त्यावर. माणसं कमी झाली की भारमान पडतं, भारमान पडलं की फेरी जाते, आणि फेरी गेली की दहावीतल्या मुलीला घेऊन आई तालुक्याला खोली करते. म्हणजे आणखी दोन माणसं कमी. मग उरते वडापची जीप, ती भरली की सुटणार. मुक्कामाची गाडी ज्या गावात रात्री थांबते, त्या गावाची सकाळ वेगळी असते. दूधवाला, कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेलं म्हातारं माणूस, सगळे त्या एका गाडीवर.

मार्च 2023पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, 75 वर्षांवरच्यांना ऑगस्ट 2022पासून प्रवास मोफत. सवलत उत्तम, मी स्वतः वयात येण्याची वाट बघतोय. पण ती सुरू होते बसच्या पायरीवर. वरच्या वाडीच्या आजी तिथवर पोचेपर्यंत दोनशेच्या वर पायऱ्यांची पाखाडी उतरलेल्या असतात, आणि पावसाळ्यात त्या पायऱ्यांना शेवाळ. आजारी माणसाला अजून डोलीतूनच खाली आणतात.

जनगणनेच्या ग्रामनिर्देशिकेत प्रत्येक गावापुढे बससेवा आहे की नाही याची नोंद असते. नसेल तर जवळची बस पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, की दहाच्या पलीकडे, एवढंच. आमच्या गावापुढे 'आहे' असंच येणार, कारण फाटा गावाच्या हद्दीत पडतो. नोंद खोटी नाही. पण ती नऊपैकी दोन वाड्यांची.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027. चाकरमानी तेव्हाही मुंबईतच असणार. म्हणून ग्रामसभेने आपली वेगळी यादी करावी, असं मला वाटतं: वाडी, जुलैत तिथे झोपणारी माणसं, आणि घरापासून गाडीपर्यंत लागणारा वेळ, तोही म्हाताऱ्या माणसाच्या चालीने. मी वही आणली आहे. चहा होईपर्यंत मागच्या बाकापासून सुरुवात करू.