टाकळघाटचे दगड आणि स्कॉटलंडचा पाद्री

(बुटीबोरीजवळच्या एका गावात गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचं हे संपादित रूप आहे.)

मंडळी, नागपूरचं हिस्लॉप कॉलेज आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. या भागातली कितीतरी मुलंमुली तिथे शिकली. मीही तिथलाच. पण ज्यांच्या नावानं ते कॉलेज चालतं ते हिस्लॉप आपल्याच पंचक्रोशीत, टाकळघाटहून बोरीला येताना नाल्याच्या पुरात गेले, हे मला कॉलेजात असताना कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्यापैकीही बऱ्याच जणांना ते आज पहिल्यांदा कळत असेल. म्हणून मंडळानं विषय विचारला तेव्हा मी लगेच हा सांगितला.

स्टीफन हिस्लॉप १८१७ साली स्कॉटलंडमधल्या डन्स या गावी जन्मले. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि फ्री चर्च वेगळं झालं. त्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून ते १८४४ च्या डिसेंबरात पत्नीसह मुंबईत उतरले आणि १८४५ च्या फेब्रुवारीत नागपुरात पोचले. कामठीच्या छावणीतल्या एका लष्करी अधिकाऱ्यानं दिलेल्या देणगीतून हे मिशन उभं राहत होतं. नागपूरवर तेव्हा तिसऱ्या रघुजी भोसल्यांचं राज्य होतं.

त्या काळी परदेशी मिशनवर येणं म्हणजे काय, ते नीट डोळ्यांपुढे आणा. सुएझचा कालवा खुला झाला १८६९ साली आणि मुंबईची रेल्वे नागपूरला आली १८६७ साली. हिस्लॉप या दोन्हींच्या आधीचे. मुंबईहून नागपूर म्हणजे घाट चढून, नद्या उतरून, घोड्यावर नि बंडीतून आठवड्यांचा प्रवास. घरी आई आजारी पडली तर ते कळायला महिने लागणार, आणि उत्तराचं पत्र तिच्या हाती पडायला आणखी महिने. कॉलरा आणि हिवताप तर दाराशीच. अमरकंटकच्या बाजूला गोंडांमध्ये काम करायला आलेले जर्मन मिशनरी १८४२ साली कॉलऱ्यानं एकामागून एक गेले होते. त्यातून वाचलेल्यांची हकिगत हिस्लॉप यांच्या कानावर होती, आणि तरी ते इथे राहिले.

रोजचं काम ठरलेलं. मराठी शिकायची, शाळेत शिकवायचं, बाजारात उभं राहून प्रवचन करायचं, लोकांशी वाद घालायचा. उन्हाळ्यात नागपूरचं ऊन कसं असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. बाहेर पडायचं ते भल्या सकाळी नाही तर दिवस कलल्यावर. हिवाळा लागला की मिशनरी लोक तंबू आणि बंड्या घेऊन दौऱ्यावर निघत. या गावाहून त्या गावाला, या आठवडी बाजारातून त्या बाजारात, मुक्काम आमराईत.

आता मूळ मुद्दा. आपली मुलं सहलीला जायचं म्हटलं की चिखलदरा, ताडोबा, फार तर रामटेक म्हणतात. आपल्या गावात पाहायला आहे काय, हा प्रश्न मी शाळेत शिकवत असताना शेकडो वेळा ऐकला. हिस्लॉप यांच्याकडे वेगळी सहल काढायला ना वेळ होता ना पैसा. शाळा सुटल्यावरचा फेरफटका आणि प्रचाराचे दौरे, एवढंच त्यांचं फिरणं. तेवढ्या फिरण्यात, आपल्या वावरांच्या धुऱ्यांवर आणि नाल्यांच्या काठांवर त्यांना जे दिसलं त्यावर लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत चर्चा झाली.

सुरुवात टाकळीला झाली. टाकळी तेव्हा नागपूरच्या पश्चिमेला शहराबाहेर होती. १८५१ च्या सुमारास हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर फिरायला गेले असताना तिथल्या दगडात त्यांना शंख दिसले. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे लाव्हा, जमिनीच्या भेगांतून वर आलेला आणि थंड होऊन गोठलेला. लाव्हाचा एक थर पसरायचा, मग पुष्कळ काळ शांतता. त्या काळात खोलगट जागी पाणी साचायचं, तळी व्हायची, काठी झाडं उगवायची. मग पुन्हा लाव्हा यायचा आणि ते सगळं खाली गाडलं जायचं. अशा दोन लाव्हांच्या मधे चिरडून राहिलेला तळ्याचा गाळ टाकळीला उघडा पडलेला होता.

तसा एक तुकडा मी हातात घेऊन पाहिलेला आहे. करड्या रंगाचा, गारगोटीसारखा कडक दगड, आणि त्यात अंगठ्याच्या पेराएवढा शंख. भिंगाखाली धरला की त्याचे वेढे एकेक करून मोजता येतात. टोक वर धरून पाहिलं तर त्याचं तोंड डाव्या बाजूला उघडतं. बहुतेक गोगलगाईंचे शंख उजवीकडे उघडतात. गोड्या पाण्यातल्या या जातीचे मात्र डावीकडे. वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. ज्या लाव्हानं त्या गोगलगाईला गाडलं, त्याच लाव्हाचा चुरा होऊन आपली पऱ्हाटीची काळी माती झाली.

हिस्लॉप आणि हंटर यांनी टाकळीहून शंखच नाही तर फळं, बिया, लाकूड, माशांचे अवशेष आणि किड्यांच्या पंखांची कवचंसुद्धा गोळा केली. किड्याच्या पंखाचं कवच म्हणजे नखाहून लहान वस्तू! ती दगडातून शोधायला नजर किती बारीक लागत असेल. नमुने पेट्यांत भरून बंडीनं मुंबईला आणि तिथून जहाजानं लंडनला जात. नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा दोघांचा लेख १८५५ साली सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला. हंटर त्याच वर्षी मायदेशी परतले. हिस्लॉप मधे काही काळ रजेवर जाऊन आले, पण काम इथलंच करत राहिले.

कामठीजवळ सिलेवाड्याच्या खाणींत त्यांना दगडावर उमटलेली झाडांची पानं मिळाली. दक्षिणेला मांगलीच्या लाल दगडातली एका उभयचर प्राण्याची कवटी त्यांनी विलायतेला पाठवली, आणि रिचर्ड ओवेन या त्या काळच्या मोठ्या शास्त्रज्ञानं तिचं वर्णन केलं. तिची गोष्ट वेगळ्या व्याख्यानाची आहे. मला आज पिसदुऱ्याबद्दल जास्त बोलायचंय.

पिसदुरा हे वरोऱ्याकडचं साधं शेतकऱ्यांचं गाव. तिथल्या शेतांत फार जुन्या प्राण्यांची हाडं सापडतात हे हिस्लॉप यांनी नोंदवलं. पुढे ती मोठ्या डायनोसॉरांची ठरली. त्या शेतांत हाडांबरोबर दगड झालेली विष्ठाही मिळते. वखर फिरला की ती गोल, लांबट, करड्या रंगाची ढेकळं वर येतात आणि ती ढेकळं नव्हेत हे सांगितल्याशिवाय कळत नाही. २००५ साली वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याची ही विष्ठा तपासली, तर तिच्यात गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे, म्हणजे वाळू ज्या पदार्थाची असते त्याचे, सूक्ष्म कण मिळाले. तोवर समजूत अशी होती की गवत आलं ते डायनोसॉर गेल्यानंतर. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वावरानं ही समजूत मोडली. पुढच्या अभ्यासात त्याच विष्ठेत धानाच्या जवळच्या गवतांच्या खुणा मिळाल्या. पूर्व विदर्भातल्या धानाच्या बांधीत उभं राहणाऱ्या माणसाला याचा आनंद व्हायला हवा. मला तर फार झाला.

दगडांइतकीच हिस्लॉप यांना माणसांची ओढ होती. गोंडांकडे ते प्रचारासाठी जात, पण गेल्यावर ऐकत बसत. परधान म्हणजे गोंडांचे पिढीजात गाणारे, किंगरीवर कथा सांगणारे. एका परधानाच्या तोंडून हिस्लॉप यांनी लिंगोची, म्हणजे गोंड ज्याला आपला आद्य गुरू मानतात त्याची, कथा गोंडी भाषेत उतरवून घेतली. गोंड गुहेत कोंडले जातात, त्यांना सोडवायला लिंगो निघतो. महादेव अट घालतो की बिंदो पक्ष्याची पिल्लं आणून दे. त्या पिल्लांना भवरनाग खायला टपलेला असतो. लिंगो नागाला मारतो, पक्षी उपकार मानतो आणि कथा पुढे सरकते. सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेला लाखो लोक जातात ते याच लिंगोच्या श्रद्धेनं. तुमच्यापैकीही काही जण गेले असतील.

गोंडी भाषेतला एवढा मोठा कथापाठ छापून आला तो हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली. मध्य प्रांतातल्या आदिवासींविषयीचे त्यांचे अपुरे राहिलेले कागद रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून प्रसिद्ध केले, त्यात तो आहे. आजचे गोंडी अभ्यासक म्हणतात की या पाठात बाहेरच्या कथा मिसळल्या आहेत, लिंगोचं खरं रूप वेगळं आहे. त्यांचं म्हणणं मनावर घ्यायला हवं. पण तो वाद ओळीवर बोट ठेवून घालता येतो, कारण दीडशे वर्षांपूर्वीची ओळ छापील समोर आहे. पुस्तकावर नाव हिस्लॉप यांचं असलं तरी आत बोलतो तो परधानच.

हिस्लॉप आपल्या देवांना खरे देव मानत नव्हते. ते इथे आले तेच आपल्याला आपला धर्म सोडायला सांगण्यासाठी. माझं त्यांच्याशी याबाबतीत पटत नाही, आणि आज ते समोर असते तर मी त्यांच्याशी वाद घातला असता. तरीही ज्या लोकांचं मन वळवायचं त्यांची भाषा, त्यांची गाणी, त्यांच्या पायाखालची जमीन इतक्या निगुतीनं समजून घेणारा माणूस मला आदराचा वाटतो.

आता टाकळघाट. १८६३ च्या सप्टेंबरात टेंपल, तेव्हाचे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर, बोरीला मुक्कामाला होते. टाकळघाटच्या भागात दगडांची वर्तुळं आहेत, ती हिस्लॉप यांनी टेंपलना दाखवली. दिवसभर पाहणी झाली. टेंपल पुढे निघून आले. हिस्लॉप मागे थांबले ते टाकळघाटची शाळा तपासायला. संध्याकाळी एकटे घोड्यावरून बोरीकडे निघाले. मधे पाऊस झालेला होता आणि नाला भरून वाहत होता. आपल्याकडचा नाला कसा फुगतो हे इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. वर आभाळ फाटलं की खाली कोरड्या पात्रात अर्ध्या तासात छातीएवढं पाणी. घोडा छावणीत परत आला, पाठीवर स्वार नव्हता. तारीख ४ सप्टेंबर १८६३. चार दिवसांनी त्यांना ४६ वर्षं पूर्ण झाली असती.

मी ही घटना पहिल्यांदा वाचली तेव्हा फार वेळ अस्वस्थ होतो. वर्तुळं पाहून झाली होती, साहेबांबरोबर परत जाता आलं असतं. पण गावच्या शाळेतली पोरं वाट पाहत असतील म्हणून हा माणूस थांबला. शिक्षक म्हणून मला ते आतून लागलं.

ज्या वर्तुळांपायी ते त्या दिवशी आले होते त्यांचं उत्तर पुढच्या पिढ्यांनी दिलं. नागपूरजवळ जुनापाणीला रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं १८६७ साली खोदकाम केलं. नंतर १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट आणि खापा इथे उत्खनन केलं. टाकळघाटला वस्ती होती आणि खाप्याला तिचे मृत पुरलेले, असं चित्र पुढे आलं. लोखंड वापरणारी ही माणसं अडीच हजार वर्षांहून आधीची. गोल दगड मांडायचे, आत मृताबरोबर काळी-तांबडी मडकी आणि लोखंडी हत्यारं ठेवायची. नागपूरजवळच्याच माहुरझरीला घोड्याच्या डोक्यावर चढवायचे तांब्याचे दागिने निघाले. पारशिवनी तालुक्यात नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. पोळ्याला आपण बैलाला मठाठी बांधतो, झूल घालतो, तेव्हा मला माहुरझरीचा तो सजवलेला घोडा हटकून आठवतो.

(इथे श्रोत्यांमधल्या एका काकांनी विचारलं, "गुरुजी, आमच्या धुऱ्यावर असे दगड आहेत. आम्ही काही काढून बांधावर टाकले. ते तेच असतील काय?")

काका, असू शकतील. ओळखायचं कसं ते सांगतो. एकटा दगड पाहू नका, त्याच्या शेजारचा शोधा. वर्तुळ असेल तर दगड कडेनं रांगेत बसलेले दिसतील आणि मधली जमीन थोडी उंच, मुरमाची भर घातल्यासारखी लागेल. काही दगडांवर वाटीसारखे लहान खळगे कोरलेले असतात, ओळीत. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन असलं की ते स्पष्ट दिसतात, दुपारी दिसत नाहीत. काही मिळालं तर खणू नका, जागच्या जागी फोटो काढा आणि नागपूरला पुरातत्त्व खात्याला कळवा. या भागात मुरमासाठी आणि गिट्टीसाठी जेसीबी रोज फिरतात. एमआयडीसी वाढतेय, प्लॉट पडताहेत. एक वर्तुळ उचलायला जेसीबीला सकाळसुद्धा पुरत नाही. म्हणून आधी कुठे काय आहे त्याची यादी आपल्याच ग्रामपंचायतीकडे असली पाहिजे. ती करायला शाळेची पोरं तयार आहेत. मुख्याध्यापकांशी माझं कालच बोलणं झालं.

काका, तुमच्या धुऱ्यापासून सुरुवात करू. पऱ्हाटी अजून उंच आहे, मधून चालता येणार नाही. वेचणी झाली की मला फोन करा. पांदणीनं पोरांना घेऊन येतो. मोजायला टेप आणि लिहायला वही आमची, वाट तुम्ही दाखवा.